घेरा कमी आणि दिसते दुहेरी : अशा नजरेला घरी आणि दवाखान्यात कसे सांभाळावे

लकवा येऊन गेलेले चाचा चालताना दाराच्या चौकटीला उजवा खांदा आपटतात. जेवताना उजवीकडचा ग्लास हात लागून सांडतो. आणि वर म्हणतात की समोर बसलेला माणूस दोन दिसतो. घरचे बुचकळ्यात पडतात की यांना कमी दिसतंय की जास्त? मग कोणी म्हणतं वय झालं, कोणी म्हणतं चष्म्याचा नंबर वाढला, कोणी नजर उतरवायला सांगतं. प्रत्यक्षात दोन्ही तक्रारी खऱ्या असतात. नजरेचा घेरा कमी झालेला असतो आणि उरलेल्या घेऱ्यात एकाच्या दोन वस्तू दिसत असतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या की उपचारही थोडा वेगळा लागतो. एकट्या दुहेरी नजरेला जो उपाय चालतो, तोच उपाय घेरा गेलेल्या माणसाला पायरीवरून पाडू शकतो. म्हणून हा विषय सविस्तर मांडत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. तपासणी आणि औषध डॉक्टरांचेच. पण दवाखान्यात काय विचारायचे आणि घरी काय करायचे, एवढे तरी कुटुंबाला माहीत असायला हवे.

आधी एक डोळा झाकून पाहा

दुहेरी दिसते अशी तक्रार आली की पहिली चाचणी घरात बसूनच होते. समोर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायला सांगा. आधी उजवा डोळा तळहाताने झाका, मग डावा. कोणताही एक डोळा झाकला की घड्याळ एकच दिसत असेल, तर दोन डोळ्यांचा मेळ बिघडला आहे. म्हणजे डोळा हलवणारी नस, स्नायू किंवा मेंदू यांत काहीतरी झाले आहे. एक डोळा झाकूनही दुसऱ्या डोळ्याला दोनच दिसत असतील, तर दोष त्या डोळ्यातच असतो. मोतीबिंदू, बुबुळाचा दोष, कोरडेपणा, चुकीचा चष्मा अशी कारणे निघतात आणि ती बहुधा कमी घाईची असतात. ही एक ओळ डॉक्टरांना सांगितली तरी त्यांचे अर्धे काम सोपे होते.

पहिल्या प्रकारात, म्हणजे मेळ बिघडलेला असताना, तक्रार अचानक सुरू झाली असेल तर वाट पाहू नये. सोबत तोंड वाकडे होणे, बोबडे बोलणे, हातापायातली ताकद जाणे, तोल जाणे, जोराची डोकेदुखी, एक पापणी खाली येणे किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे यातले काहीही असेल तर चष्म्याचे दुकान किंवा कॅम्पची तारीख हा विषयच नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्यावे. पापणी खाली आणि बाहुली मोठी, ही जोडी मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुग्याची खूण असू शकते. त्यात तासांचा हिशेब असतो.

घेरा म्हणजे काय, आणि तो कसा कमी होतो

समोर पाहत असताना बाजूचे जेवढे जाणवते तो नजरेचा घेरा. डॉक्टर त्याला व्हिज्युअल फील्ड म्हणतात. दोन्ही डोळे मिळून तो जवळपास 180 अंशांचा असतो, आणि मधला साधारण 120 अंशांचा भाग दोन्ही डोळ्यांना सामाईक दिसतो. हा सामाईक भाग लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

घेरा जाण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या. लकव्यात मेंदूची एक बाजू दुखावली की दोन्ही डोळ्यांची एकाच बाजूची नजर जाते, उजवी तरी किंवा डावी तरी. लोकांना वाटते की उजवा डोळा गेला. तसे नसते; दोन्ही डोळ्यांचा उजवा अर्धा भाग गेलेला असतो. काचबिंदूत घेरा कडेकडेने, तुकड्या-तुकड्याने खाल्ला जातो आणि शेवटपर्यंत कळत नाही, कारण एका डोळ्याची फट दुसरा भरून काढतो. रेटिनायटिस पिगमेंटोसा या पडद्याच्या आजारात आधी रातांधळेपणा येतो, मग नळीतून पाहिल्यासारखा मधलाच भाग उरतो. आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीवर गाठ आली तर दोन्ही डोळ्यांच्या कानाकडच्या बाजू जातात.

लकव्यात अर्धा घेरा गेला म्हणून दुहेरी दिसत नाही. दुहेरी दिसते ते डोळे हलवणाऱ्या नसांना किंवा त्यांच्या केंद्राला त्याच झटक्यात इजा झाली तर. मधुमेह असलेल्यांत आणखी एक प्रकार नेहमी आढळतो. काचबिंदूने घेरा आधीच कमी झालेला असतो, आणि साखरेमुळे डोळा बाहेर वळवणारी नस एके दिवशी अचानक काम थांबवते. अशी मधुमेहाची नस बहुतेक वेळा तीन महिन्यांच्या आसपास, कधी थोड्या उशिरा, आपोआप परत चालू लागते. तोपर्यंतचे दिवस सांभाळणे हेच काम उरते. अर्थात साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवून. काचबिंदूत पाणी वाहून जाण्यासाठी डोळ्यात व्हॉल्व्ह बसवला असेल तर त्यानंतरही काही जणांना दुहेरी दिसू लागते. ऑपरेशन फसले असे समजून दवाखाना बदलण्यापेक्षा त्याच डॉक्टरांना दाखवावे.

शिलाईत माया उरली नाही की

पियुषिका ग्रंथीच्या गाठीचा प्रकार जरा समजून घेण्यासारखा आहे. कापडाचे दोन तुकडे जोडताना शिंपी कडेला माया सोडतो. ती माया एकमेकींवर ठेवूनच टाका बसतो. आपल्या दोन डोळ्यांतला तो सामाईक भाग म्हणजे ही माया. मेंदू त्याच्या आधाराने दोन चित्रे एकत्र शिवतो. दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजू गेल्या तर उजव्या डोळ्याकडे फक्त डावीकडचे चित्र उरते आणि डाव्याकडे फक्त उजवीकडचे. दोन तुकडे कडेला कड लावून ठेवलेले, माया शून्य. डोळे जरासे बाहेर सरकले की तुकडे एकमेकांवर चढतात आणि मधली वस्तू दुहेरी दिसते. आत सरकले की मध्ये फट पडते आणि शब्दातले एखादे अक्षरच गायब होते. वरखाली झाले तर ओळ मध्येच तुटून अर्धी वर, अर्धी खाली दिसते. नसा आणि स्नायू मात्र तपासणीत ठणठणीत. म्हणून अशा रुग्णाला काही वेळा खोटारडे ठरवले जाते, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

या आजारात सुईत दोरा ओवणे, नखे कापणे, बांगडी चढवणे अशी बारीक कामे अवघड होतात, कारण जिथे नजर लावली त्याच्या मागचा भाग दिसेनासा होतो. बायकांमध्ये सोबत पाळी थांबणे, मूल नसताना स्तनातून दूध येणे अशा खुणा असू शकतात. आपल्याकडे या गोष्टी डोळ्याच्या डॉक्टरांना कोणी सांगत नाही. लाज वाटते, आणि डोळ्याशी त्याचा काय संबंध असेही वाटते. संबंध आहे. हे दोन वाक्यांत सांगितले तर एमआरआयची चिठ्ठी पहिल्याच भेटीत मिळू शकते. अशा गाठींपैकी काही प्रकार नुसत्या गोळ्यांनी आक्रसतात, बाकीच्या बहुतेक नाकावाटे दुर्बिणीने काढता येतात. दाब वेळेत हटला तर गेलेला घेरा बराच परत येऊ शकतो. उशीर झाला तर मात्र नाही.

नवाब पतौडींचे दोन चेंडू

दुहेरी नजर घेऊन माणूस काय करू शकतो याचे सगळ्यांना माहीत असलेले उदाहरण क्रिकेटचे आहे. मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्यात 1961 च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात काच गेली आणि त्या डोळ्याची नजर जवळपास संपली. तेव्हा ते 20 वर्षांचे होते. काही महिन्यांनी भारतात एमसीसीविरुद्धच्या सामन्यात त्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स घालून ते खेळायला उतरले, तर येणारे चेंडू दोन दिसायचे. त्यांनी आतला चेंडू खरा धरून फलंदाजी केली, आणि पुढे लेन्स काढून तो डोळा बंद ठेवून डाव पुरा केला. नंतर टोपी उजव्या डोळ्यावर ओढून खेळण्याची त्यांची लकब सगळ्यांनी पाहिली. 1962 च्या जानेवारीत मद्रास कसोटीत त्यांनी शतक ठोकले आणि त्याच वर्षी वेस्ट इंडिजमध्ये, 21 व्या वर्षी, ते भारताचे कप्तान झाले.

ही गोष्ट नुसती कौतुकाची म्हणून सांगत नाही. त्यात उपचाराची एक पायरी आहे. कमजोर डोळ्याला थोडेसे दिसू लागले आणि ते थोडेसे चांगल्या डोळ्याच्या कामात अडथळा करू लागले, तर कधी कधी त्या डोळ्याला गप्प बसवणेच शहाणपणाचे ठरते. पण पतौडींचा डावा डोळा पूर्ण घेऱ्याचा होता. ज्याच्या दोन्ही डोळ्यांचा घेरा कमी झालाय त्याने ही नक्कल परस्पर करू नये. का, ते पुढे.

पट्टी बांधण्याआधी

दुहेरी दिसते म्हटल्यावर घरोघर पहिला उपाय होतो तो डोळ्यावर पट्टी. एकच दिसायला लागते आणि सगळे खूश होतात. आता समजा उजव्या डोळ्याचा खालचा घेरा काचबिंदूने गेला आहे आणि डाव्याचा वरचा. दोन्ही उघडे असताना दादींना काम चालवण्याएवढे दिसत होते. डाव्यावर पट्टी लावली आणि जिन्याच्या पायऱ्याच नाहीशा झाल्या. पियुषिकेच्या रुग्णाने डावा डोळा झाकला तर उजवीकडचे सगळे जग एका क्षणात जाते, आणि रिक्षा त्याच बाजूने येते. लकव्याच्या रुग्णाचा अर्धा घेरा दोन्ही डोळ्यांत गेलेला असल्याने फरक तुलनेने कमी पडतो, तरी झाकलेल्या डोळ्याच्या कडेचा पट्टा जातोच.

म्हणून क्रम असा असावा. आधी दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी फील्ड टेस्ट. तिचे दोन कागद मिळतात, काळे-पांढरे ठिपके असलेले. ते कागद समोर ठेवून डॉक्टरांना विचारा की झाकायचा तर कोणता डोळा, किती वेळ, आणि चालताना झाकायचा की फक्त बसून वाचताना. पुष्कळांना पट्टी फक्त बसल्या जागी, टीव्ही किंवा वाचनापुरती वापरून चालते.

त्याहून चांगला उपाय म्हणजे पूर्ण पट्टीऐवजी ठिपका. चष्म्याच्या एका काचेवर, आतल्या बाजूने, मधोमध साधारण एक सेंटिमीटरचा दुधी चिकटपट्टीचा तुकडा लावतात. मेडिकलमध्ये जखमेवर लावायला मिळणारी कागदी चिकटपट्टीही चालते. रुग्णाने सरळ समोर पाहायचे आणि तुकडा सरकवत सरकवत दुसरे चित्र पुसट झाले की तिथे दाबून बसवायचा. मधले दुहेरी दिसणे जाते, कडेचा घेरा मात्र उघडा राहतो. फक्त खाली पाहताना दोन दिसत असतील तर काचेच्या खालच्या भागालाच पट्टी लावतात. पण मग पायऱ्यांचे काय, हा प्रश्न विचारल्याशिवाय तेही करू नये. खर्च जवळपास काहीच नाही. दवाखान्यातल्या ऑप्टोमेट्रिस्टकडून एकदा जागा ठरवून घ्या, नंतर घरी बदलता येते.

पडद्याच्या मध्यभागावर सुरकुती पडली असेल तर मधली अक्षरे दोन आणि भोवतालची खोली मात्र एकच, असा विचित्र प्रकार होतो. त्यात प्रिझम फारसा टिकत नाही, असा पुसट ठिपकाच कामाला येतो.

प्रिझमचा चष्मा

प्रिझम म्हणजे एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ काच. ती चित्राला बाजूला सरकवते. एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे एक मीटर अंतरावर एक सेंटिमीटरची सरकण. दोन चित्रांतले अंतर मोजून तेवढ्या ताकदीचा प्रिझम दिला की दोन्ही एकमेकांवर येऊन बसतात. नस सुधारत असताना ताकद बदलत राहते, म्हणून सुरुवातीला फ्रेनेल प्रिझम वापरतात. हा प्लास्टिकचा पातळ, लवचिक पत्रा असतो. कात्रीने कापून ओल्या काचेवर दाबला की चिकटतो आणि नको तेव्हा निघतो. त्याने जरा धूसर दिसते, रेघा जाणवतात. दुकानदाराने खराब माल दिला असे समजू नका. नजर स्थिर झाल्यावर प्रिझम चष्म्याच्या काचेतच घडवून घेता येतो. मात्र माया उरलेली नसेल तर प्रिझम लावूनही चित्रे पुन्हा सरकत राहतात. अशांना फायदा कमी, हे आधीच कळलेले बरे.

याच प्रिझमचा उलटा उपयोगही आहे. अमेरिकेत बोस्टनच्या शेपन्स संस्थेतील एली पेली यांनी अर्धा घेरा गेलेल्यांसाठी एक चष्मा तयार केला. त्यात ज्या बाजूचे दिसत नाही त्या बाजूच्या काचेवर वर आणि खाली अशा दोन जोरदार प्रिझमच्या पट्ट्या बसवतात, मधला भाग मोकळा. मध्ये एकच दिसते आणि कडेला मुद्दाम दुहेरी. अंध बाजूने कोणी येत असेल तर त्याची झलक चांगल्या बाजूला उमटते, आणि माणूस मान वळवून पाहतो. अशा चष्म्याला सराव लागतो. दोन दिवस लावून कपाटात ठेवला तर उपयोग नाही.

सहा महिने थांबूनही डोळा तिरळाच राहिला तर ऑपरेशनचा विचार होतो. इथेही एक सावधगिरी. लहानपणापासून अर्धा घेरा नसलेल्या काही जणांचा एक डोळा बाहेर वळलेला असतो आणि त्या तिरळेपणामुळेच त्यांना अंध बाजूचे थोडे जास्त दिसते. लग्न ठरवायच्या घाईत, दिसायला बरे म्हणून तो डोळा सरळ करून घेतला तर घेरा आणखी कमी होतो. ऑपरेशनच्या आधी फील्ड टेस्ट झाली आहे का, एवढे विचारा.

वाचन : मराठी डावीकडून, उर्दू उजवीकडून

हा भाग आमच्या रोजच्या कामाचा असल्याने थोडे जास्त लिहितो. आपल्या घरांत एकच माणूस सकाळी मराठी पेपर आणि फज्रनंतर कुरआन शरीफ वाचतो. अर्धा घेरा गेला की या दोन वाचनांत वेगवेगळा त्रास होतो, आणि घरच्यांना ते नाटक वाटते.

मराठीत डोळा डावीकडून उजवीकडे धावतो. उजवी बाजू गेली असेल तर पुढचे अक्षर दिसतच नाही, शब्दाचे शेपूट तुटते. ‘कोल्हापूर’चे ‘कोल्हा’ होते. वाचन फार मंद होते. डावी बाजू गेली असेल तर पुढे वाचता येते, पण शब्दाचे डोके उडते, ‘महाराष्ट्र’चे ‘राष्ट्र’ होते, आणि ओळ संपल्यावर पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही. उर्दू-अरबीत हे सगळे उलट. उजवी बाजू गेलेल्याला ओळीची सुरुवात शोधायला त्रास, पण एकदा सापडली की तो पुढे जातो. डावी बाजू गेलेला अडखळत राहतो. त्यामुळे ‘पेपर वाचता येत नाही म्हणतात आणि तिलावत बरोबर करतात’ हे अगदी शक्य आहे. शिवाय बरेच पाठ असते, हाही भाग आहेच.

त्यात दुहेरी दिसणे आले की नुक्त्यांचा घोळ. आडवे दुहेरी दिसले तर शब्दाच्या मधल्या ‘नून’वरचा एक नुक्ता दोन होतो आणि ‘ते’ वाटतो. ‘बे’खालचा एक नुक्ता दोन होऊन ‘ये’ वाटतो. देवनागरीत वरखाली दुहेरी दिसले की एका मात्रेच्या दोन होतात आणि ‘बेल’चा ‘बैल’ होतो. वर्गातला मुलगा अचानक अशा चुका करू लागला तर छडी किंवा शिकवणी दोन्ही बाजूला ठेवून डोळे तपासून घ्यावेत. लहान मुले दुहेरी दिसते असे सांगतही नाहीत. त्यांचा मेंदू एक चित्र दाबून टाकतो आणि तो डोळा हळूहळू आळशी होतो. मान तिरपी धरणे, एक डोळा मिटून वाचणे, पायरीवर अडखळणे या खुणा शिक्षकालाच आधी दिसतात.

उपाय साधे आहेत. ओळीखाली पट्टी किंवा जाड कागद धरावा. काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापली की बाकीची गर्दी झाकली जाते. डावी बाजू गेलेल्याने मराठी पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारावी आणि प्रत्येक ओळीनंतर ती रेघ दिसेपर्यंत मान वळवावी. उर्दूत उजवी बाजू गेली असेल तर हीच रेघ उजव्या कडेला. काही जण पान आडवे फिरवून ओळ वरून खाली वाचतात, ते जमले तर झकास. मोठ्या टायपाचा मुसहफ घ्यावा, रेहल थोडी उंचावर ठेवावी. ठिपका लावलेला वाचनाचा चष्मा वेगळा ठेवावा.

नमाज, रोजा, सुरमा

चक्कर येत असेल, रुकू-सजद्यात दोन-दोन दिसून तोल जात असेल तर बसून नमाज पढण्याची सवलत दीनने दिलेलीच आहे. ती घेण्यात संकोच कसला? डोळ्याच्या ऑपरेशननंतर सजद्यासाठी खाली वाकायचे की नाही, किती दिवस नाही, हे सर्जनला स्पष्ट विचारा. मशिदीत अंध बाजूला भिंत किंवा घरचा माणूस येईल अशी जागा धरली की लोकांचे धक्के लागत नाहीत. वजूखान्याची ओली फरशी सगळ्यात धोक्याची. तिथे पट्टी काढून आणि हात धरून जावे. जखमेवर पट्टी असेल आणि पाणी अपायकारक असेल तर तिच्यावरून मसह करण्याचा मसला आपल्या मौलाना साहेबांकडून समजून घ्यावा.

रमजानमध्ये काचबिंदूचे थेंब बंद करणारे पुष्कळ आहेत. हे फार महागात पडते. काचबिंदूने गेलेला घेरा परत येत नाही. डोळ्यात थेंब टाकल्याने रोजा तुटत नाही असे अनेक उलमांचे मत आहे. ज्याला शंका असेल त्याने आपल्या मुफ्तींना विचारावे आणि डॉक्टरांकडून सहरी-इफ्तारची वेळ बसते का तेही पाहावे, पण स्वतःच्या मनाने खंड पाडू नये.

सुरमा ही आपल्याकडे भावनेची गोष्ट आहे. बाजारातल्या बऱ्याच सुरम्यांत शिसे असते, आणि आजारी डोळ्यात मध, गुलाबजल, सुरमा काहीही घालू नये. तिरळेपणा किंवा गेलेला घेरा याने सुधारत नाही. दुआ चालू ठेवा, दवा थांबवू नका.

रेटिनायटिस पिगमेंटोसाबद्दल एक नाजूक गोष्ट. हा आजार काही घराण्यांत अशा रीतीने चालतो की आई-वडील दोघेही निरोगी, पण दोघांकडे तोच सदोष जीन असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. जवळच्या नात्यात निकाह होत आले असतील तर दोघांकडे तोच जीन असण्याचा संभव वाढतो. चुलत-मावस नात्यात निकाह जायज आहे, लाजमी नाही. घरात एकाला रातांधळेपणा आणि नळीसारखी नजर असेल, विशेषतः सोबत बहिरेपणा असेल, तर पुढचा रिश्ता ठरवण्याआधी जनुकीय सल्ला घ्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरात आणि रस्त्यावर

पायरीच्या कडेला पिवळी किंवा पांढरी पट्टी रंगवा. चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावून अंदाज घ्यावा. गॅसजवळ ठिपक्याचा चष्मा असल्याशिवाय जाऊ नये. अंध बाजूकडे आधी डोळे, मग मान वळवायची सवय रोज दहा-पंधरा मिनिटे लावावी. घरातल्या मुलांनी त्या बाजूला उभे राहून बोटे दाखवावीत आणि आजोबांनी मोजावीत, खेळच होतो. दुहेरी दिसत असताना गाडी चालवायची नाही, मग ती मोपेड असो की रिक्षा. ज्याचे पोट रिक्षावर आहे त्याला हे सांगणे कठीण आहे, म्हणून जमातीने अशा घराकडे जकातीच्या वेळी लक्ष द्यावे.

कोल्हापुरात कुठे जायचे

दसरा चौकाजवळ, मुस्लिम बोर्डिंगपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले असल्याने नेत्रविभाग आणि मेडिसिन विभाग एकाच आवारात मिळतात. या आजारात दोन्हींची गरज लागते. जाताना साखरेचे आणि रक्तदाबाचे जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटे, जुना चष्मा आणि एक जुना फोटो न्या. डोळा किंवा पापणी आधीपासून तशीच होती का हे फोटोवरून लगेच कळते. पुढे जावे लागलेच तर पुण्याचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आणि हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थान इथे अवघड केसेस पाहिल्या जातात. हैदराबादला कमी नजर असलेल्यांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे. ऑपरेशनचा खर्च निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसते का, हे योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

अपंगत्वाच्या दाखल्याबाबत बहुतेकांना वाटते की तक्त्यावरची अक्षरे वाचता आली म्हणजे दाखला मिळणार नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात घेऱ्याचाही विचार आहे. उत्तम चष्मा लावूनही घेरा 40 अंशांपेक्षा कमी आणि 10 अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टी, 10 अंशांपेक्षाही कमी असेल तर अंधत्व, मग अक्षरे कितीही स्पष्ट दिसोत. दुहेरी दिसण्याचा उल्लेख त्या व्याख्येत नाही, म्हणून मंडळासमोर बोलताना भर घेऱ्यावर द्यावा. अर्ज यूडीआयडीच्या पोर्टलवर होतो, मोहल्ल्यातल्या कोणत्याही सेतू किंवा नेट सेंटरवर भरता येतो. नंतर तपासणीची तारीख मिळते. किमान 40 टक्के अपंगत्व नोंदले गेले तरच बहुतेक सवलती लागू होतात. फील्ड टेस्टचे मूळ कागद लॅमिनेट करू नका, झेरॉक्स काढून मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पुढच्या तपासणीत डॉक्टर त्याच कागदाशी नवा कागद ताडून पाहतात.